परसातल्या वसंताची नोंद: पांगाऱ्याच्या पहिल्या फुलापासून बुलबुलाच्या घरट्यापर्यंत

फेब्रुवारी लागला की गावाकडून एक बातमी हमखास येते: "यंदा कोकीळ लवकर ओरडला." कधीपेक्षा लवकर, हे विचारलं की उत्तर मिळत नाही. गेल्या वर्षीची तारीख कुणी लिहिलेली नसते, आणि लिहिलेली असलीच तर ती लिहिणाऱ्याला सवड मिळाली त्या दिवसाची असते. कोकीळ त्याआधी आठ दिवस ओरडत असेल, कुणी सांगावं?

मला दरवर्षी बऱ्याच नोंदवह्या पाहायला मिळतात. शाळेतल्या मुलांच्या, निवृत्त होऊन गावी परतलेल्यांच्या, शेतकऱ्यांच्या. मेहनत सगळ्यांची दिसते, पण त्याच चार-पाच चुकांमुळे वर्षाअखेरीस हाती काही लागत नाही. म्हणून सगळी रीत इथे क्रमाने मांडतो. "आज पहिल्यांदा ऐकला" ही नोंद खरी ठरायला काल, परवा आणि तेरवा तुम्ही कान देऊन उभे होतात आणि तो ओरडला नव्हता, हे वहीत असावं लागतं. पुढचा प्रत्येक टप्पा याच गोष्टीसाठी आहे.

मी लिहितो ते पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या, भोरच्या बाजूच्या गावातल्या परसावरून. कोकणात, गोव्यात किंवा विदर्भात तारखा बदलतील, काही झाडं आणि पक्षीही बदलतील. रीत बदलणार नाही.

आधीची तयारी: डिसेंबर संपण्यापूर्वी

सामान थोडंच लागतं. शिवलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. पेन्सिल घ्या, कारण दवात शाईची अक्षरं पसरतात. दुर्बीण असली तर ८ बाय ४० ची पुरते. त्याहून जास्त ताकदीची हातात हलते आणि जवळच्या झुडपातला पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. किमान-कमाल तापमापी मिळाली तर ती सावलीत, भिंतीपासून थोडी दूर टांगा. पत्र्याच्या छपराखाली टांगली तर ती पत्र्याचंच तापमान दाखवेल.

वहीच्या पहिल्या दोन पानांवर परसाचा नकाशा काढा. घर, गोठा, विहीर, कुंपण, उकिरडा, मोठी झाडं. चित्र सुंदर असायची गरज नाही. पुढच्या वर्षी "मागच्या आंब्यावर" म्हणजे कोणता आंबा, हे त्यावरून कळलं पाहिजे.

टप्पा १: झाडं ठरवा आणि त्यांना क्रमांक द्या

सात ते दहा झाडं पुरेत. तीस झाडांनी सुरुवात करणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात दमतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. माझ्या यादीत पांगारा, काटेसावर, पळस, पिंपळ, कडुनिंब, आंबा, शेवगा आणि कुंपणाचं गिरिपुष्प आहे. पळस आणि सावर परसात नसतील तर बांधावरचे किंवा ओढ्याकाठचे घ्या. अट एकच: रोजच्या वाटेवरचे हवेत.

झाडाला खिळा ठोकून पाटी लावू नका. सैलसर कापडी पट्टी बांधा, तिच्यावर क्रमांक लिहा, तोच नकाशावर लिहा.

इथे पहिली मोठी चूक होते. लोक मोरीच्या पाण्यावरचं किंवा ठिबकाखालचं झाड निवडतात, कारण ते घराजवळ असतं. अशा झाडाची पानगळ लांबते आणि पालवीचाही ताळमेळ राहत नाही. आमच्या आडाजवळच्या कडुनिंबाची पानं बांधावरच्या कडुनिंबाच्या कितीतरी नंतर गळतात. ज्याला पाणी कुणी देत नाही, असंच झाड निवडा.

दुसरी चूक "गावातला पिंपळ" अशी मोघम नोंद करण्याची. पारावरचा पिंपळ तांबूस पालवीने भरलेला असतो, तेव्हा शाळेमागचा अजून जुनीच पानं धरून उभा असतो. प्रत्येक पिंपळाची वेळ वेगळी. एक धरा आणि त्यालाच चिकटून राहा.

*तपासा:* नकाशावरचा क्रमांक घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून तेच झाड दाखवायला लावा. चुकलं तर नकाशा दुरुस्त करा.

टप्पा २: जानेवारीची "रिकामी" पानं

हा टप्पा सगळे गाळतात. काही घडत नसताना लिहायचं काय, असं त्यांना वाटतं. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून लिहिलं नाही, तर फेब्रुवारीतल्या "पहिल्या" नोंदीला पाठबळच उरत नाही.

रोज नाही जमलं तरी चालेल. आठवड्यातले तीन ठरलेले दिवस घ्या, आणि चुकला तो दिवस "पाहिलं नाही" असं लिहून मोकळा सोडा. "नाही" आणि "पाहिलं नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "कोकीळ: नाही" म्हणजे तुम्ही उभे होतात आणि तो ओरडला नाही. "पाहिलं नाही" म्हणजे तुम्ही लग्नाला गेला होता. दोन्हींसाठी सारखीच रेघ मारली की वही वाया गेली.

झाडांसाठी तीनच शब्द वापरा: नाही, थोडं, भरपूर. पालवी, कळी, फुलं आणि फळं यांपैकी प्रत्येकापुढे यातला एक शब्द. झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भागावर असेल तर थोडं, त्याहून जास्त असेल तर भरपूर. "साठ टक्के फुललं" असं लिहू नका. आज तुम्हाला साठ वाटतं ते उद्या चाळीस वाटेल; तीन शब्दांत अशी गडबड होत नाही. झाडांच्या ऋतुचक्राची नोंद ठेवणाऱ्या 'सीझनवॉच' या भारतीय उपक्रमातही दर आठवड्याला याच धर्तीवर नोंदी होतात, तेव्हा तुमची वही पुढे तिथेही उतरवता येईल.

रोजच्या पानावर इतकं हवं: तारीख, तिथी, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, ढग, वारा, किमान तापमान. तिथी लिहा, पण नुसती तिथी नको. वसंत पंचमी २०२३ साली २६ जानेवारीला होती आणि २०२४ साली १४ फेब्रुवारीला. तिथीवरून तुलना केली तर एकोणीस दिवसांचा फरक तिथल्या तिथेच शिरतो, आणि मग कोकीळ लवकर आला की पंचमी उशिरा, हे समजत नाही.

टप्पा ३: घड्याळ नव्हे, सूर्योदय धरा

जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. मार्च संपता संपता तो साडेसहाच्या सुमाराला वर आलेला असतो. जो माणूस घड्याळ लावून रोज सकाळी सातला बाहेर येतो, तो जानेवारीत उजाडताना उभा असतो आणि मार्चअखेरीस ऊन पडल्यावर. दयाळाचं सगळ्यात सुंदर गाणं उजाडण्याच्या सुमाराला होतं. सातच्या नेमाने उभं राहणाऱ्याच्या वहीत दयाळ मार्चमध्ये "कमी झाला" असं दिसतं, आणि खरं तर तो तेव्हाच सर्वांत जास्त गात असतो.

म्हणून वेळ अशी ठरवा: सूर्योदयाआधी पंधरा मिनिटं सुरू, एकूण अर्धा तास. सूर्योदयाची वेळ पंचांगात असते. आठवड्यातून एकदा पाहून पानाच्या डोक्यावर लिहा. उभं राहायची जागा एकच ठेवा. पहिली पाच मिनिटं काहीही न लिहिता नुसतं ऐका. तुम्ही दार उघडून आलात म्हणून गप्प झालेले पक्षी तेवढ्या वेळात पुन्हा बोलू लागतात.

*सावध:* मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला "बोलतं" करू नका. त्याला आपल्या हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखं वाटतं, तो चारा सोडून धावत येतो. वर तुमची नोंदही खोटी ठरते, कारण तो ऋतूने नव्हे, तुम्ही छेडल्याने ओरडला.

टप्पा ४: झाडांच्या खुणा, त्यांच्या क्रमाने

आधी आंब्याचा गैरसमज दूर करू. मोहोर दिसला की लोक वसंत आला म्हणून लिहितात. मोहोर धरतो तो डिसेंबर-जानेवारीच्या थंडीमुळे, आणि बऱ्याचदा दोन-तीन टप्प्यांत येतो. ती थंडीची खूण आहे. तिची नोंद ठेवा, पण वेगळ्या पानावर.

खरी सुरुवात पांगाऱ्यापासून. पानं गळून झाड उघडं पडतं आणि फांद्यांच्या टोकांना वाघनखांसारख्या वाकड्या कळ्यांचे झुबके येतात. जानेवारीच्या मध्यापासून या टोकांकडे पाहत राहा. कळीला लाली आली म्हणजे फूल आलं असं नाही. पाकळी कळीतून पूर्ण बाहेर आलेलं पहिलं फूल दिसेल, ती तारीख. दुर्बिणीने झाडाच्या सगळ्या बाजू पाहा, कारण उन्हाच्या बाजूची फांदी बरेचदा आधी फुलते.

पांगारा फुलला की त्याच्याखाली पंधरा मिनिटं जास्तीची उभी राहा. अर्धं पक्षीजगत तिथेच भेटतं. बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, कावळे सगळे मधासाठी येतात. चष्मेवाल्याच्या कपाळावर परागाची पूड लागलेली दिसते. भोरड्या, म्हणजे पळसमैना, थव्याने उतरतात आणि त्यांचा कलकलाट लांबून ऐकू येतो. कुठला पक्षी मध पितो, कुठला फुलंच तोडून टाकतो आणि कुठला नुसता किडे टिपायला बसलाय, हे वेगवेगळं लिहा. पोपट बऱ्याचदा फूल कुरतडून खाली टाकतो, त्याला "मध पिणारा" म्हणू नका.

काटेसावरीच्या बाबतीत उलटीच चूक होते. झाड उंच, त्यामुळे वर बघायचा कंटाळा केला जातो. मग एक दिवस वाटेत लाल, जाडजूड फूल पडलेलं सापडतं आणि त्या दिवसाची तारीख लिहिली जाते. खाली पडलेलं फूल वर आधीच उमलून गेलेलं असतं. जानेवारीपासून दर खेपेला आधी झाडाचा शेंडा पाहा, मग खालची जमीन. जमिनीवर आधी सापडलंच तर "पडलेलं फूल" असं स्पष्ट लिहा.

पळसाला फुलं येण्याआधी काळपट, मखमली कळ्यांचे घोस लागतात. पुष्कळ जणांना ते वाळलेल्या शेंगांसारखे दिसतात. कळ्यांची तारीख वेगळी, फुलांची वेगळी. आमच्याकडे फुलांचा भर फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून होळीच्या आसपासपर्यंत असतो.

गिरिपुष्पाची गुलाबी फुलं आणि शेवग्याची पांढरी फुलं याच सुमाराला येतात. शेवगा वर्षातून एकाहून जास्त वेळा फुलतो, तेव्हा त्याला मुख्य खूण करू नका. त्याच्या फुलांवर कोण येतं, तेवढं टिपा. जास्वंद तर बारमाही, ती यादीतच नको.

पिंपळाची तांबूस पालवी आणि त्यामागून कडुनिंबाची कोवळी पालवी आली की हा क्रम पुरा होतो. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पानं काढतो, तेव्हा ती जून आहेत की कोवळी, हे एक वाक्य लिहून ठेवा. पाडव्याची तारीखही तिथीमुळे सरकते, हे विसरू नका. कोकणातल्या दमट हवेत पानगळ इतकी ठळक दिसत नाही. तिथे पालवीपेक्षा सावर आणि पांगाऱ्याच्या फुलांवर जास्त भिस्त ठेवा. विदर्भात मार्चमधला मोह यादीत असायलाच हवा.

*तपासा:* फेब्रुवारीअखेरीस प्रत्येक झाडापुढे "नाही" ते "थोडं" हा बदल दिसतोय का? एखाद्या झाडापुढे थेट "भरपूर" आलं असेल तर मधले दिवस तुमचे चुकले आहेत. तसं लिहून ठेवा. अंदाजाने तारीख भरू नका.

टप्पा ५: पक्ष्यांमधला बदल: रंग, आवाज, जोडी, काडी

नवशिके आवाजापासून सुरुवात करतात. मी रंगापासून करा म्हणतो, कारण रंग आधी बदलतो आणि त्यात चुकायला जागा कमी असते.

जांभळा शिंजीर, ज्याला सूर्यपक्षीही म्हणतात, याचा नर विणीच्या हंगामाबाहेर मादीसारखाच पिवळसर-तपकिरी दिसतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा असतो. साधारण जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या अंगावर काळे-जांभळे ठिपके उमटू लागतात, आणि काही आठवड्यांत तो पूर्ण चमकदार होतो. मधल्या अवस्थेतल्या नराला लोक "वेगळीच जात" समजून दोन ओळींत दोन पक्षी लिहितात. तीन अवस्था ठरवा: पट्टा, ठिपके, पूर्ण. दर खेपेला त्यातली एक लिहा. जांभळ्या पाठीचा शिंजीर मात्र असा रंग बदलत नाही. तो वर्षभर सारखाच. दोघांची गल्लत झाली तर ही सगळी नोंद फुकट जाते.

दुसरा रंग चिमणीच्या घरात. चिमण्याची चोच एरवी फिकी असते, विणीच्या दिवसांत काळी होते. ओट्यावर दाणे टिपणाऱ्या चिमण्याची चोच दुर्बिणीशिवाय दिसते, त्यामुळे हे काम मुलांना द्या. ती ते फार मन लावून करतात.

आता आवाज. तांबट वर्षभर असतो, पण त्याची "टुक्, टुक्, टुक्" ही एका लयीतली हाक थंडी ओसरू लागली की वाढते. तो हाक देताना डोकं वळवत राहतो, म्हणून आवाज कधी डावीकडून कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि एका तांबटाचे तीन लिहिले जातात. दोन हाका एकाच वेळी, वेगवेगळ्या लयीत ऐकू आल्या तरच दोन धरा. एक मिनिटभर तो किती वेळ सलग बोलतो, तेवढंच मोजा.

खंड्या याच काळात झाडाच्या शेंड्यावर बसून लांबलचक किलकिलतो. पाण्याजवळचा म्हणून परसात त्याच्याकडे लक्ष जात नाही, पण विहिरीजवळच्या नारळावर पहाटे त्याचं ओरडणं सुरू झालं की ती नक्की खूण.

दयाळ थंडीत जवळजवळ गप्प असतो, झुडपांखालून "चर्र" करत फिरतो. नर उंच जागी, विजेच्या खांबावर किंवा शेंड्यावर बसून पूर्ण गाणं म्हणतो तो दिवस लिहा. झुडपातली "चर्र" गाणं नव्हे.

आणि कोकीळ. गातो तो नर: काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपक्यांची. ती "किक-किक-किक" असा घाईचा आवाज करते. नराची "कुहू" पायरी पायरीने चढत जाते, टोकाला पोचली की तुटते आणि पुन्हा खालून सुरू होते. कोकीळ कुठून येत नाही, तो गावातच असतो, फक्त थंडीत गप्प असतो. म्हणून "कोकीळ आला" लिहू नका, "कोकीळ बोलला" लिहा. एखाद्या ढगाळ दिवशी तो हंगामाआधीच एक-दोन हाका देऊन पुन्हा गप्प होतो. त्यासाठी माझा नियम: सलग तीन नोंदींत पूर्ण चढती हाक ऐकली, तर त्यातल्या पहिल्या दिवसाला "सुरुवात" म्हणायचं. त्याआधीची सुटी हाक वेगळी लिहायची.

पावशाची "पेरते व्हा" पावसाशी बांधलेली आहे, पण ती मार्चपासूनही ऐकू येते. वहीत तिला जागा ठेवा. मोर, सुगरण आणि चातक यांची घाई करू नका. त्यांचा काळ पावसाचा. कोरड्या बाभळीवर लोंबणारी सुगरणीची घरटी गेल्या पावसाळ्यातली असतात.

होला ही एक फसवी नोंद. तो वर्षाच्या जवळजवळ कुठल्याही महिन्यात चार काड्या ठेवून घरटं करतो. त्याच्या घरट्यावरून वसंत ठरवता येत नाही.

जोडी आणि काडी यांसाठी फार धावपळ नको. थंडीत थव्याने फिरणारे चष्मेवाले दोघे-दोघे दिसू लागले; साळुंक्या ढोलीवरून पोपटांशी भांडू लागल्या; चोचीत काडी, कापूस, कोळ्याचं जाळं घेऊन पक्षी एकाच दिशेने जाऊ लागला, की लिहा. चोचीत काय होतं, ते नक्की लिहा. अळी असेल तर अंडी केव्हाच फुटून आत पिल्लं आहेत.

टप्पा ६: पाणी, नीट

फेब्रुवारीच्या मध्यापासून पाणी ठेवा. उथळ मातीचं परळ घ्या, पाण्याची खोली दोन ते पाच सेंटिमीटर. गुळगुळीत स्टीलची परात नको; पक्ष्याचे पाय घसरतात आणि उन्हात पाणी तापतं. मधे एक खडबडीत दगड ठेवा. जागा सावलीची, झुडपापासून दोनेक मीटर दूर: पक्ष्याला पळायला आडोसा हवा, पण मांजराला दबा धरायला नको. पाणी रोज बदला, दर तीन दिवसांनी परळ काथ्याने घासा. शेवाळलेल्या पाण्यातून रोग पसरतो. असं परळ ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं.

उघडी टाकी, हौद, पिंप यांत एक वाळकी फांदी तिरकी सोडून ठेवा. खारी आणि पक्षी त्यात बुडतात, आणि फांदीला धरून वर येतात.

टप्पा ७: जाणाऱ्यांची नोंद

येणाऱ्यांकडे सगळ्यांचं लक्ष, जाणाऱ्यांकडे कुणाचंच नाही. आमच्या गोठ्याजवळ हिवाळाभर काळा थिरथिरा शेपूट थरथरवत वावरतो. ओढ्यावर धोबी पक्षी असतात. भोरड्या पळसावर असतात आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघून जातात. हे पक्षी जाण्याआधी निरोप देत नाहीत, म्हणून "शेवटचा दिवस" त्या दिवशी कळतच नाही.

रीत अशी. १ मार्चपासून या तीन-चार पक्ष्यांपुढे दर खेपेला "आहे" किंवा "नाही" लिहा. "नाही" सुरू झालं की लगेच ओळ मारू नका, पुढचे दहा दिवस शोधत राहा. दहा दिवस सलग "नाही" आलं, की मागे जाऊन शेवटच्या "आहे"भोवती गोल करा. तोच शेवटचा दिवस.

टप्पा ८: घरटी आणि बागेची कामं

हा टप्पा लिहिताना मला आमच्या जुन्या शेवग्याची आठवण होते. एका फेब्रुवारीत मी त्याची वाळकी फांदी तोडली. खाली पडल्यावर तिच्या खालच्या अंगाला रुपयाएवढं, कोरून गोल केलेलं भोक दिसलं, आणि आत तांबटाची अंडी फुटलेली होती. जोडी दोन दिवस त्या जागेभोवती घुटमळत होती. तेव्हापासून वाळकी फांदी तोडायची असेल तर मी डिसेंबरात तोडतो, आणि घरावर किंवा वाटेवर पडण्यासारखी नसेल तर तोडतच नाही.

भोक दिसलं म्हणून घरटं असेलच असंही नाही. तांबट रात्री झोपायलाही ढोली वापरतो. जमिनीवर ताजा भुसा, दोघांचं आळीपाळीने आत जाणं, चोचीतून चारा नेणं: यांपैकी शेवटचं दिसलं तरच "पिल्लं" लिहा.

कामांचा क्रम असा लावा:

१. कुंपणाची छाटणी जानेवारीच्या मध्यापर्यंत संपवा. बुलबुल फेब्रुवारीपासून कमरेएवढ्या उंचीच्या झुडपात वाटीसारखं घरटं करतो. छाटणी राहून गेली तर आधी पूर्ण कुंपण हाताने उघडून पाहा. घरटं असेल तर दोन्ही बाजूंची चार-पाच हात जागा महिनाभर सोडा. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला त्याहून थोडे कमी दिवस लागतात.

२. पाचोळा जाळू नका. झाडाखाली आळ्यात पसरा किंवा खड्ड्यात टाका. सातभाई, दयाळ आणि साळुंकी त्यातलेच किडे वेचतात.

३. बांध पेटवायची घाई करू नका. मार्चपासून टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते आणि ती चटकन दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, की आल्या पावली मागे फिरा.

४. आंब्यावर तुडतुड्यांसाठी किंवा भुरीसाठी फवारायचं झालं तर फुलं उमलण्याआधीचा टप्पा धरा. मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारलं, तर परागीभवन करणाऱ्या माश्या आणि मधमाश्या मरतात, आणि त्या किड्यांवर जगणारे पक्षीही अडचणीत येतात.

*सावध:* घरट्याचं अंतर फुटांत सांगता येत नाही, ते पक्षीच सांगतो. चोचीत चारा धरून तो फांदीवर थांबलाय, ओरडतोय, पण आत जात नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. दहा पावलं मागे या. फोटोसाठी पानं बाजूला करू नका. ऊन आणि कावळा दोन्ही तिथूनच आत येतात. रानपक्ष्यांची अंडी उचलणं किंवा घरटं मोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना आधीच सांगा. जमिनीवर सापडलेलं, पिसं फुटलेलं पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असतं. कुत्र्या-मांजरापासून सुरक्षित अशा जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. आईबाप आवाजावर येतात.

टप्पा ९: मार्चअखेरीचं पान

३१ मार्चला एक वेगळं पान घ्या. प्रत्येक खुणेपुढे तीन रकाने: शेवटचं "नाही", पहिलं "आहे", आणि मधलं अंतर. पांगाऱ्यापुढे "१८ जानेवारी नाही, २० जानेवारी आहे, अंतर २ दिवस" असं असेल तर नोंद पक्की. "५ जानेवारी नाही, २८ जानेवारी आहे, अंतर २३ दिवस" असेल तर ती तारीख तुलनेला घेऊ नका, पण खोडूही नका.

तारखांचं वर्षातल्या दिवसात रूपांतर करा. १ जानेवारी म्हणजे पहिला दिवस. २० फेब्रुवारी म्हणजे एक्कावन्नावा. वजाबाकी सोपी होते. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतरचे सगळे दिवस एकाने पुढे जातात, तेवढं सांभाळा.

दोन वर्षांच्या वह्या समोर ठेवून "ऋतू बदलला" असं म्हणू नका. दोन आकड्यांत एक नेहमीच आधीचा असतो. पाच वर्षं झाली, की कुठली खूण स्थिर आहे आणि कुठली हलते, ते दिसू लागतं. माझ्या वहीत सर्वांत स्थिर शिंजिराचे ठिपके आहेत, आणि सर्वांत लहरी कोकीळ.

तुमच्या पक्ष्यांच्या याद्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायच्या असतील तर फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'पासून सुरुवात करा. पंधरा मिनिटांची यादीही तिथे चालते. यादी करताना दिसलेले आणि ओळखू आलेले सगळे पक्षी लिहा, नुसते आवडीचे नकोत.

वही बंद करण्याआधी शेवटच्या पानावर डिसेंबरसाठी दोन ओळी लिहून ठेवा: कोणती वाळकी फांदी राखायची आहे, आणि झाडांवरच्या कोणत्या पट्ट्या नव्याने बांधायच्या आहेत. पावसाळ्यात कापड कुजतं, क्रमांक पुसतो, आणि जानेवारीत पुन्हा "मागचा आंबा" कोणता यावर घरात वाद सुरू होतो.